इंटरनेटबंदी आणि व्यापाऱ्याचा हक्क

इंटरनेटवर सरकारचा ताबा किती असावा, या प्रश्नावर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्याभोवती फिरते. कोणाचा मजकूर काढून टाकला, कोणावर गुन्हा दाखल झाला, कोणते खाते बंद झाले, यावर अग्रलेख लिहिले जातात आणि परिसंवाद होतात. आमचा दुकानदार, आमचा कारागीर हे वाचतो आणि पान उलटतो. हा शिकल्या-सवरलेल्यांचा आणि पत्रकारांचा प्रश्न आहे, आपल्याला गिऱ्हाईक सांभाळायचे आहे, असा त्याचा समज असतो. हा समज दूर होणे आवश्यक आहे. कारण या नियंत्रणाचा एक प्रकार असा आहे की ज्याचा घाव थेट गल्ल्यावर बसतो. तो म्हणजे इंटरनेटबंदी. शहरात तणाव झाला की एका हुकमाने संपूर्ण तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे इंटरनेट बंद होते, आणि ज्याने कोणताही मजकूर लिहिला नाही, कोणताही संदेश पुढे पाठविला नाही, त्याचाही धंदा बसतो.

आजचा व्यापार इंटरनेटवर किती अवलंबून आहे, हे व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय व्यवस्था आज चहाच्या टपरीपासून सराफाच्या पेढीपर्यंत पोहोचली आहे. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशभरात तिच्यामार्फत २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. जीएसटीचे विवरणपत्र इंटरनेटवरच भरावे लागते. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल काढल्याशिवाय ट्रक हलत नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यांना ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या मालाचे बिलही सरकारी यंत्रणेतून नोंदवून घ्यावे लागते. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागधारकाला कापडाचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवून सौदा ठरवता येतो. हिमरू विणणारा किंवा चामड्याच्या पिशव्या शिवणारा कारागीर दलालाला वगळून थेट परगावच्या गिऱ्हाइकाशी बोलू शकतो. घरबसल्या शिवणकाम आणि जरीकाम करणाऱ्या आमच्या भगिनींना तर या साधनाने उंबरठा न ओलांडता बाजारपेठ मिळवून दिली आहे.

म्हणजेच सरकारनेच व्यापाऱ्याला या रस्त्यावर आणले. रोखीचे व्यवहार कमी करा, सर्व कागदपत्रे संगणकावर आणा, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले आणि व्यापाऱ्याने ते मानले. आता तोच रस्ता सरकार वाटेल तेव्हा बंद करू लागले तर त्याची जबाबदारी कोणावर, हा आमचा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो

इंटरनेट बंद करण्याचा अधिकार सरकारला कायद्यानेच दिलेला आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजांच्या काळातील १८८५ च्या तार कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी तारसेवेवर बंधने घालण्याची तरतूद होती. २०१७ पर्यंत अनेक ठिकाणी जिल्हाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली इंटरनेट बंद करीत असत. जे कलम जमावबंदीसाठी वापरले जात होते, तेच बाजारबंदीसाठीही वापरले गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये तार कायद्याखाली स्वतंत्र नियम झाले आणि हा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांकडे गेला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालील नवे नियम लागू झाले.

या नियमांप्रमाणे इंटरनेटबंदीचा हुकूम लेखी असला पाहिजे, त्यात कारणे दिलेली असली पाहिजेत, तो कोणत्या भागाला आणि किती काळ लागू आहे हे स्पष्ट असले पाहिजे, आणि तो प्रसिद्ध झाला पाहिजे. एका हुकमाची मुदत १५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. त्या हुकमाची छाननी एका समितीने करावयाची असते. कागदावर हे सारे ठीक दिसते. परंतु राज्याच्या या समितीचे प्रमुख असतात मुख्य सचिव, आणि बाकीचे सदस्यही सरकारचे सचिवच. म्हणजे सरकारच्या एका सचिवाने काढलेला हुकूम योग्य होता की नाही, हे सरकारचेच इतर सचिव ठरविणार. त्यात निवृत्त न्यायाधीश नाही, व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी नाही, जनतेतील कोणी नाही. आणि ज्याचा धंदा बुडाला त्याला भरपाई देण्याची कोणतीही तरतूद या नियमांत नाही.

काश्मीरचा धडा

इंटरनेटबंदी व्यापाराचे काय करते, याचे सर्वांत मोठे उदाहरण काश्मीरचे आहे. ५ ऑगस्ट २०१९ रोजी कलम ३७० रद्द करण्याचे पाऊल उचलले गेले, त्याच वेळी खोऱ्यातील दूरध्वनी, मोबाईल आणि इंटरनेट बंद करण्यात आले. त्या निर्णयाच्या राजकीय बाजूची चर्चा येथे करावयाची नाही. आमचा मुद्दा व्यापारापुरता आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेपाच महिन्यांनी, टू-जी या संथ गतीचे इंटरनेट सुरू झाले, तेही सरकारने मान्यता दिलेल्या ३०१ संकेतस्थळांपुरते. मार्च २०२० मध्ये संकेतस्थळांवरील मर्यादा उठली. वेगवान फोर-जी सेवा मात्र ५ फेब्रुवारी २०२१ रोजी, तब्बल दीड वर्षाने परत आली.

काश्मीर चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या व्यापाऱ्यांच्या जुन्या संस्थेने पहिल्या सुमारे १२० दिवसांतील नुकसानीचा अंदाज १७,८७८ कोटी रुपये इतका दिला. हे सारे नुकसान एकट्या इंटरनेटबंदीचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. संचारबंदी होती, पर्यटकांना परत पाठविण्यात आले होते, दुकाने बंद होती. परंतु शाल, गालिचे आणि पेपरमाशीची कलाकुसर या धंद्यांचे दुखणे वेगळे होते. हा माल दूरच्या गिऱ्हाइकासाठी बनतो. त्या गिऱ्हाइकाचा निरोप येण्याचे दारच बंद झाले, तर मागावर बसलेल्या कारागिराला काम कोण देणार? मागणी आली नाही म्हणून व्यापाऱ्याने विणकराला मजुरी दिली नाही, आणि विणकराने माग सोडून दुसरी मजुरी शोधली. एकदा हातातून गेलेला विदेशी खरेदीदार इंटरनेट सुरू झाल्याबरोबर परत येतो असे नाही. तो दुसऱ्या देशातील माल घेऊ लागलेला असतो. त्या काळात इंटरनेटसाठी लोक श्रीनगरहून रेल्वेने बनिहालला जात आणि तेथील सायबर कॅफेत पैसे मोजून आपली कामे उरकत. शेवटी केंद्र सरकारलाही जम्मू-काश्मीरमधील व्यापाऱ्यांसाठी जीएसटी विवरणपत्रांची मुदत वाढवून द्यावी लागली. म्हणजे इंटरनेट नसताना कर भरण्याची सक्ती करणे योग्य नाही, हे तत्त्व सरकारने स्वतःच एकदा मान्य केले आहे. ही गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

न्यायालयाने दिलेले हत्यार

याच बंदीविरुद्ध 'काश्मीर टाइम्स'च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा, आर. सुभाष रेड्डी आणि बी. आर. गवई यांच्या पीठाने निकाल दिला. या निकालाची वर्तमानपत्रांतील चर्चा बहुतेक भाषणस्वातंत्र्यापुरती झाली. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्यातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. न्यायालयाने म्हटले की, इंटरनेटच्या माध्यमातून विचार मांडण्याचे स्वातंत्र्य जसे राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) ने संरक्षित आहे, तसेच इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार-उद्योग करण्याचे स्वातंत्र्यही कलम १९ (१) (छ) ने संरक्षित आहे. बेमुदत बंदी घालता येणार नाही, हुकूम प्रसिद्ध केलाच पाहिजे, आणि धोका जेवढा असेल तेवढेच बंधन घातले पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले.

या निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. न्यायालयाने स्वतः काश्मीरचे इंटरनेट सुरू करण्याचा आदेश दिला नाही, फेरविचार सरकारवरच सोपविला. त्यानंतरही बंदीचे प्रकार थांबले नाहीत. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये मोबाईल इंटरनेट बंद झाले, आणि मधले थोडे दिवस सोडले तर डिसेंबर २०२३ पर्यंत मुदतीमागून मुदत वाढत राहिली. 'ॲक्सेस नाऊ' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा आणि २०२४ मध्ये ८४ वेळा इंटरनेट बंद करण्यात आले. २०२४ मध्ये आपल्यापुढे होता तो फक्त म्यानमार, ८५ वेळा, आणि तेथे लष्करी राजवट आहे. जगातील सर्वांत मोठ्या लोकशाहीला ही सोबत शोभणारी नाही.

तरीसुद्धा निकाल हे हत्यार आहे. ते वापरले तर उपयोगी पडते, हे झारखंडने दाखविले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारने नोकरभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून राज्यभर इंटरनेट बंद केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने सरकारला फटकारले आणि सेवा सुरू करावयास लावली. कॉपी रोखणे हे परीक्षा घेणाऱ्यांचे काम आहे, त्यासाठी राज्यातील प्रत्येक दुकानाचा व्यवहार बंद करणे हा कोठला न्याय?

आपल्या राज्यात

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, मे २०२३ मध्ये अकोल्यात, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यात तणावाच्या वेळी इंटरनेट बंद झाले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या भागांत तेच झाले. ही यादी नीट पाहिली तर ध्यानात येते की, बंदीचे निमित्त कधी एका समाजाशी निगडित असते, कधी दुसऱ्या. परंतु फटका त्या गावातील सर्वच व्यापाऱ्यांना बसतो. मुस्लिम दुकानदाराचे स्कॅनर बंद पडते तेव्हा शेजारच्या मारवाडी किराणा व्यापाऱ्याचेही बंद पडते, आणि समोरच्या मराठा शेतकऱ्याच्या भाजीचे पैसेही अडकतात. म्हणून हा केवळ आमचा प्रश्न आहे असे समजून एकटे लढणे चुकीचे ठरेल, आणि आमचा नाहीच असे समजून गप्प बसणे त्याहून चुकीचे.

यात लहान माणसाचे हाल अधिक होतात. मोठ्या पेढीकडे तारेने जोडलेले ब्रॉडबँड असते, बंदी बहुधा मोबाईल इंटरनेटवर येते. मोठा व्यापारी चार दिवस उधारीवर काढू शकतो. हातगाडीवाला, रिक्षावाला, रोज माल आणून रोज विकणारा फळविक्रेता यांची सारी मिळकत एका मोबाईलवर असते. गिऱ्हाइकाच्या खिशात रोकड नाही, याच्या मोबाईलवर पैसे येत नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत फळे सडतात. रोज हप्ता भरणाऱ्याचा हप्ता मात्र कोणी थांबवत नाही.

सरकारची बाजू

सरकारचे म्हणणे असे की, अफवा वणव्यासारख्या पसरतात, माणसे मारली जातात, आणि माणसाचा जीव धंद्यापेक्षा मोलाचा आहे. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. दंगलीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त होरपळतो तो छोटा दुकानदारच. एका निरपराध माणसाचा जीव वाचविणे म्हणजे साऱ्या मानवतेला वाचविणे, ही शिकवण मानणाऱ्या समाजाला जिवाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एखाद्या मोहल्ल्यात आग लागलेली असताना काही तास इंटरनेट बंद ठेवले तर कोणताही समंजस व्यापारी तक्रार करणार नाही.

परंतु प्रश्न असा आहे की, इंटरनेट बंद केल्याने अफवा थांबते काय? अफवा इंटरनेटच्या आधीही होत्या आणि तोंडोतोंडी पसरत होत्या. इंटरनेट बंद झाल्यावर अफवा खोडून काढणारी बातमीही बंद होते. पोलिसांचे आवाहन लोकांपर्यंत जात नाही, शांतता समितीचा निरोप जात नाही, आणि घाबरलेला माणूस ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतो. शिवाय बंदीने शांतता लवकर प्रस्थापित झाली की नाही, हे तपासायचे तर नोंदी पाहिजेत. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने, जिचे अध्यक्ष शशी थरूर होते, स्पष्ट नमूद केले की, देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची एकत्रित नोंद ना दूरसंचार विभागाकडे आहे, ना गृह मंत्रालयाकडे. बंदीमुळे मोबाईल कंपन्यांचे एका दूरसंचार मंडळात दर तासाला सुमारे २ कोटी ४५ लाख रुपयांचे नुकसान होते, हा आकडाही या समितीपुढे आला. कंपन्यांनी आपला आकडा मांडला. व्यापाऱ्याचा आणि कारागिराचा आकडा कोणी मांडला? कोणीच नाही, कारण आम्ही तो लिहूनच ठेवला नाही.

मागण्या काय असाव्यात

व्यापारी संघटनांनी शासनाकडे पुढील गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. पहिली, बंदीचा हुकूम काढल्याबरोबर तो मराठीत, कारणांसह प्रसिद्ध व्हावा, आणि तो जिल्ह्याऐवजी तणावाच्या भागापुरता व काही तासांपुरता असावा. दुसरी, ज्या दिवशी इंटरनेट बंद असेल तो दिवस जीएसटीच्या मुदतीत आणि विलंब शुल्कात धरू नये. विवरणपत्राला उशीर झाला तर दर दिवसाला ५० रुपये आकारले जातात. काश्मीरसाठी मुदतवाढ होऊ शकते, तर अमरावती आणि बीडसाठीही ती आपोआप झाली पाहिजे. तिसरी, बँकांची व पतसंस्थांची त्या दिवसांतील हप्ता चुकल्याबद्दलची दंडवसुली थांबवावी. चौथी, छाननी समितीत निवृत्त न्यायाधीश व बिगर सरकारी सदस्य घ्यावेत. ही शिफारस थरूर समितीनेही केली होती, तरीही २०२४ च्या नियमांत ती आली नाही.

आपले कर्तव्य

मागणी करणे पुरेसे नाही. मागणी सिद्ध करता आली पाहिजे. कुरआनने देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची ताकीद सविस्तर दिली आहे. ज्या समाजाला लिहून ठेवण्याची शिकवण धर्मातूनच मिळाली, त्या समाजाच्या व्यापाऱ्याजवळ नुकसानीचा साधा हिशेब नसावा, ही खेदाची गोष्ट आहे. इंटरनेट बंद होईल त्या प्रत्येक दिवशी रोजमेळाच्या वहीत तारीख, वेळ, नेहमीची विक्री, त्या दिवसाची विक्री, परत गेलेली मागणी आणि अडकलेला माल यांची नोंद करावी. बाजारातील पन्नास दुकानदारांनी अशी नोंद केली आणि ती संघटनेमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे व गृह विभागाकडे गेली, तर ती नुसती तक्रार राहत नाही, पुरावा होतो. बंदीचा हुकूम मिळत नसेल तर माहिती अधिकाराखाली त्याची प्रत मागावी. उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली तर वकील पहिली गोष्ट मागेल ती हीच कागदपत्रे.

काही तयारी आधीच करून ठेवता येते. गिऱ्हाइकांचे आणि कारखानदारांचे फोन क्रमांक व येणे बाकी मोबाईलबरोबर वहीतही असावे. विवरणपत्र शेवटच्या दिवसावर ढकलू नये. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठविण्यासाठी *९९# ही सेवा आहे, आणि मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे ही फोन करून पैसे देण्याची सोयही आहे. ती आधी नोंदवून, दोन-चार वेळा वापरून पाहावी. ई-वे बिल एसएमएसने काढता येते, त्यासाठी मोबाईल क्रमांकाची नोंद आधी करावी लागते. बाजारातील दुकानदारांनी मिळून एक ब्रॉडबँड जोडणी घ्यावी, कारण पुष्कळदा बंदी मोबाईलपुरती असते. मात्र हुकूम वाचून, ब्रॉडबँड त्यात नाही याची खात्री करूनच ती वापरावी. गल्ल्यात दोन दिवस पुरेल इतकी सुटी रोकड ठेवावी. आगीच्या विम्यात दंगलीपासून संरक्षण असले तरी ते दुकानाच्या व मालाच्या प्रत्यक्ष नुकसानीचे असते. केवळ इंटरनेट बंद राहिल्याने बुडालेल्या विक्रीची भरपाई त्यातून मिळेल अशी आशा धरू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बंदीला निमित्त पुरविणारे हात आपल्यातीलही असू शकतात. कोणा पोराने मोबाईलवर भडक स्टेटस ठेवायचे आणि त्याची किंमत शेकडो घरांनी मोजायची, हे कोणत्याही समाजात घडते, आपल्याही घडते. आलेली खबर तपासून घ्या, नाहीतर अजाणता कोणावर अन्याय करून पस्तावाल, अशा अर्थाची ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ही ताकीद आज मोबाईल हाती घेतलेल्या प्रत्येक तरुणाला मशिदीतून, मदरशातून आणि दुकानाच्या ओट्यावरून सांगितली गेली पाहिजे. जो व्यापारी आपल्या मुलाला तराजू नीट धरायला शिकवतो, त्याने मोबाईलही नीट धरायला शिकवावा.

राज्यघटनेने दिलेला हक्क कागदावर असतो. तो मागणाऱ्यालाच मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून ठेवले आहे की, इंटरनेटवरून व्यापार करणे ही सरकारची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे. त्या हक्कासाठी मोर्चा किंवा घोषणा यांची गरज नाही. गरज आहे ती एका नोंदवहीची, एका निवेदनाची आणि शेजारच्या दुकानदाराला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, बरोबर घेण्याची. हलाल रोजी कमावणाऱ्या माणसाने आपला हक्क कायद्याच्या मार्गाने मागण्यात संकोच करू नये. पुढच्या वेळी इंटरनेट बंद होईल तेव्हा निदान आपली वही उघडी असावी.